घाबरलेला नातेवाईक

आमच्या इमारतीला जिना आहे, लिफ्ट नाही, आणि आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो. एवढं सांगितलं की निम्मी हकीकत सांगून झाली. उरलेली निम्मी अशी, की आमचे नाना, म्हणजे माझे वडील, गेल्या काही महिन्यांपासून तो जिना चढताना दुसऱ्या मजल्यावर थांबून भिंतीवरचं आग विझवायचं नळकांडं वाचायला लागले.

त्या नळकांड्यावर इतकं वाचण्यासारखं काय आहे, म्हणून मी एकदा मुद्दाम जाऊन पाहिलं. पिन ओढा, नळी आगीकडे धरा, दांडा दाबा. एवढाच मजकूर, तोही चित्रांसकट. नाना मात्र तो रोज वाचत. एक हात कठड्यावर, दुसरा शर्टाच्या खिशावर, आणि चेहऱ्यावर असा भाव की जणू दांडा दाबायचा की नाही यावर त्यांचं अजून मत बनलेलं नाही. वरून कोणी उतरताना दिसलं की "याची मुदत बघत होतो" असं म्हणत आणि पुढच्या पायऱ्या चढायला लागत.

ही गोष्ट आधी लक्षात आली ती माझ्या बायकोच्या. घरातली कुठलीही गोष्ट आधी तिच्याच लक्षात येते आणि मग ती माझ्या गळ्यात पडते. "नानांना दम लागतो. त्यांना एकदा तपासून आणा," असं तिने मला सांगितलं, गॅस संपत आलाय सांगावं त्याच आवाजात. सिलिंडर उचलून नेता येतो. नाना हे उचलून न्यायचं काम नाही.

कारण नाना वजनमापे खात्यात निरीक्षक होते. उभा जन्म दुकानदारांचे तराजू तपासण्यात गेला. हातात पिशवी घेऊन साध्या गिऱ्हाइकासारखे दुकानात शिरायचे, किलोभर साखर मागायचे, पुडा हातात पडला की खिशातून ओळखपत्र काढायचे आणि सरकारी वजनांवर तीच साखर पुन्हा तोलायला लावायचे. त्यांच्या खात्यात याला चाचणी खरेदी म्हणत. निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली, तरी आजही नाना दुकानात शिरले की वाणी आधी तराजूचं पारडं फडक्याने पुसतो. अशा माणसाला "चला, सहज डॉक्टरांकडे जाऊन येऊ" म्हणून कोण फसवणार? मी एकदा प्रयत्न केला होता. नाना म्हणाले, "तपासलं की काहीतरी सापडतंच. मला सांगू नकोस, मी जन्मभर तपासणीच केली आहे."

मग मी शेजाऱ्यांकडे वळलो. उत्तर सुचलं नाही की माणूस शेजाऱ्यांकडेच वळतो, आणि आमच्या जिन्यात सल्ल्यांची कधीच टंचाई नसते. समोरच्या वहिनींनी गरम पाणी सांगितलं. त्या सगळ्यावर गरम पाणीच सांगतात; मागे आमच्या दाराची कडी अडकली होती तेव्हाही त्यांनी तेच सांगितलं होतं, आणि कडी सुटली होती हे कबूल करायला हवं. सोसायटीच्या सेक्रेटरींनी जरा लांबचा विचार केला. जिना चढताना दम लागत असेल तर जिनाच काढून टाकावा, म्हणजे तळमजल्यावर राहायला जावं. त्यांचा मेहुणा जागांची दलाली करतो. तळमजल्यावरच्या भाडेकरूने सांगितलं की तळमजल्यावर ओल आहे आणि ओलीने दम लागतो. मी सगळ्यांचं ऐकून घेतलं, मान डोलावली आणि दर वेळी वर येताना दुसऱ्या मजल्यावर नाना उभे दिसले की "काय नाना, मुदत बघताय का?" असं विचारून पुढे सटकलो.

अशात एका संध्याकाळी सामुदायिक रुग्णालयाच्या सिस्टर आमच्या सोसायटीच्या सभेत आल्या. हे रुग्णालय आमच्या दोन गल्ल्या पलीकडे आहे. सगळ्या वस्तीने वर्गणी काढून उभारलेलं असल्यामुळे प्रत्येकाला ते थोडंसं आपल्या मालकीचं वाटतं. सिस्टर तिथल्या आपत्कालीन विभागाच्या प्रमुख होत्या, उंचीने बेताच्या आणि आवाजाने भरपूर. विभाग नुकताच वाढवला होता आणि आता त्यांना येत्या रविवारी एक सराव करायचा होता. एक बस उलटली आहे आणि पुष्कळ जखमी एकदम दारात आले आहेत, असं धरून चालायचं. त्यासाठी त्यांना खोटे पेशंट हवे होते.

सिस्टरांनी विभागाची माहिती फार नीट सांगितली. दारातून आत आलं की पहिल्या टेबलावरची परिचारिका माणसाला बघते आणि त्याच्या मनगटाला रंगीत पट्टी बांधते. लाल म्हणजे ताबडतोब, पिवळी म्हणजे लवकर, हिरवी म्हणजे बसा. आधी आला तो आधी, असं तिथे नसतं. ज्याला जास्त गरज तो आधी. हे ऐकून सभेत जराशी कुजबुज झाली. आयुष्यभर रांगांमध्ये उभी राहिलेली माणसं आम्ही, रांगेशिवाय न्याय असतो हे आम्हाला पटायला वेळ लागतो. सेक्रेटरींनी उठून विचारलं, की वर्गणीदारांना काही प्राधान्य आहे का. सिस्टर म्हणाल्या, आहे ना, ज्याचा श्वास अडकलाय त्याला आहे. तुम्हाला हवंय का? सेक्रेटरी खाली बसले.

त्यानंतर कोणी काय व्हायचं यावरून जे झालं ते मी थोडक्यात सांगतो, कारण त्यातल्या काही जणांशी माझे अजून चांगले संबंध आहेत. हिरवी पट्टी कोणालाच नको होती. पायाला खरचटलं म्हणून एवढ्या लोकांसमोर बाकावर बसून राहायचं, हा काय मान झाला? सेक्रेटरींनी पदाला शोभेल असं काहीतरी लाल मागितलं. समोरच्या वहिनींना बेशुद्ध व्हायचं होतं, कारण रविवारी सकाळी आडवं पडायला मिळण्याची संधी त्यांना लग्नानंतर आली नव्हती. सिस्टरांनी सगळ्यांना हात जोडले आणि सांगितलं, की दुखणी रविवारी तिथेच वाटली जातील.

माझ्या डोक्यात मात्र तोवर एक झकास कल्पना शिरली होती. सरावात खोट्या पेशंटची नाडी बघणार, छातीला तारा लावून कार्डिओग्राम काढणार. नाना खोटे पेशंट म्हणून गेले तर? तपासणी झाल्याचं त्यांना कळणारही नाही आणि काय ते आम्हाला कळेल. मी सभेतच मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली. आयुष्यात असे प्रसंग कमी येतात.

दुसऱ्या दिवशी ऑफिसातून सिस्टरांना फोन करून माझी योजना सांगितली. त्या म्हणाल्या, सरावात आम्ही खरी तपासणी करत नाही, तपासणी केली असं समजतो. खरी तपासणी करायची तर केस पेपर लागतो, केस पेपरला खरा पेशंट लागतो आणि पेशंटने स्वतःच्या तोंडाने तक्रार सांगावी लागते. त्यापेक्षा वडिलांना सरळ घेऊन या, दार चोवीस तास उघडं असतं, ओळख लागत नाही, वेळ घ्यावी लागत नाही. मी म्हटलं, तुमच्या दाराबद्दल माझी तक्रार नाही, आमचे नाना त्यातून आत येत नाहीत ही आहे. त्यावर सिस्टर एवढंच म्हणाल्या, की सरावात कोणाला खरोखरच बरं वाटेनासं झालं तर हात वर करून 'खरा पेशंट' असं म्हणायचं, की त्याच्यापुरता सराव थांबतो आणि खरं काम सुरू होतं. हा नियम सगळ्यांनाच सांगणार आहोत, तुम्हाला वेगळा सांगितलेला नाही, असंही त्यांनी बजावलं. मी समजलो. ऐन वेळी नानांच्या वतीने मीच 'खरा पेशंट' म्हणून ओरडायचं, की झालं.

आता नानांना तिथवर न्यायचं कसं, हा प्रश्न होता. तो बायकोने सोडवला, भाजी निवडता निवडता. "चाचणी खरेदी म्हणून सांगा की," ती म्हणाली.

मी नानांसमोर बसलो आणि शक्य तितक्या गंभीरपणे सांगितलं, की रुग्णालयात माणसांना नीट वागवतात की नाही, आत काही हलगर्जीपणा चालतो का, हे पेशंट बनून बघणारं जाणकार माणूस हवं आहे. नानांनी वर्तमानपत्र खाली ठेवलं. चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "म्हणजे खोटं गिऱ्हाईक," ते म्हणाले, आणि त्यांच्या चेहऱ्यावर जे तेज आलं ते मी त्यांच्या निवृत्तीनंतर पाहिलं नव्हतं. त्या आठवड्यात त्यांनी जुनी कापडी पिशवी धुऊन वाळत घातली. मनगटी घड्याळ रेडिओच्या वेळेशी लावून घेतलं. मला दोनदा बजावलं, की तिथे ओळख दाखवायची नाही, निरीक्षकाला नातेवाईक नसतात.

रविवारी सकाळी आम्ही सगळे रुग्णालयाच्या आवारात जमलो. गाड्या लावायची जागा ही अपघाताची जागा ठरली होती. सिस्टरांनी 'खरा पेशंट'चा नियम सगळ्यांना सांगितला आणि कार्डं वाटली. प्रत्येक कार्डावर कोणाला काय झालंय ते लिहिलेलं होतं आणि ते सुतळीने गळ्यात अडकवायचं होतं. समोरच्या वहिनींना बेशुद्धी मिळाली आणि त्या तिथल्या तिथे निम्म्या बेशुद्ध झाल्या. सेक्रेटरींना छातीतली कळ मिळाली. आणि नानांना मिळाला मुरगळलेला पाय.

माझ्या पायाखालची जमीन सरकली. मुरगळलेल्या पायाचा कार्डिओग्राम जगात कोणी काढत नाही. मी सेक्रेटरींना झाडाआड गाठलं आणि कार्ड बदलून मागितलं. ते म्हणाले, शक्य नाही, लालच मिळणार असं धरून त्यांनी कालपासून आरशासमोर कळ येण्याचा सराव केलाय. मी हातापाया पडलो. शेवटी सोसायटीच्या आवारातली माझी सावलीतली स्कूटरची जागा त्यांना दिली तेव्हा कुठे छातीतली कळ माझ्या ताब्यात आली. ती जागा मला कितीतरी वर्षांनी मिळाली होती; ती गेली, हे मी बायकोला अजून सांगितलेलं नाही.

नानांना मी सांगितलं, की सिस्टरांनी कार्ड दुरुस्त करून दिलंय. नानांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. तराजूच्या पारड्याखाली चिंच चिकटवलेल्या दुकानदाराकडे ते असं बघत असावेत. मग त्यांनी कार्ड गळ्यात घातलं आणि हात खिशावर नेऊन उभे राहिले.

या गडबडीत माझं स्वतःचं कार्ड मी वाचलंच नव्हतं. ते आता वाचलं. 'घाबरलेला नातेवाईक. आरडाओरडा करील. आपल्याच पेशंटला आधी पाहा असा हट्ट धरील. कर्मचाऱ्यांनी सौजन्याने शांत करावे. न ऐकल्यास बाहेर बसवावे.' मला ना जखम, ना पट्टी. माणसाला समाज काय समजतो हे अशाच वेळी कळतं. पण तरी मला बरंच वाटलं, कारण नातेवाईक म्हणून नानांच्या पलंगापर्यंत पोचण्याचा माझा मार्ग मोकळा झाला होता. त्या कार्डाने पुढे माझी काय अवस्था होणार आहे, हे तेव्हा मला दिसलं नाही.

भोंगा वाजला आणि बस उलटली. रुग्णवाहिका फाटकापासून दारापर्यंत फेऱ्या मारू लागली. ते अंतर चालत गेलं तर लवकर झालं असतं, पण अपघात म्हटल्यावर रुग्णवाहिका आलीच. पहिल्या टेबलावर नानांच्या मनगटाला लाल पट्टी बांधली गेली आणि त्यांना चाकांच्या पलंगावरून आत नेलं. मी मागोमाग धावलो.

विभाग आतून खरंच बघण्यासारखा आहे. रांगेत पलंग, प्रत्येकाभोवती छताच्या सळीवर सरकणारा पडदा, कोपराने उघडायचे नळ, कडेला प्लास्टरची खोली आणि तिथून येणारा ओल्या चुन्यासारखा वास. एका पलंगावर समोरच्या वहिनी होत्या. त्या इतक्या मनापासून बेशुद्ध झाल्या होत्या की घोरत होत्या. हिरव्या पट्टीच्या बाकावर सेक्रेटरी मुरगळलेला पाय पुढे करून बसले होते आणि आपल्याला कोणी विचारत नाही अशी तक्रार करत होते. त्यात अभिनय अजिबात नव्हता.

नानांच्या पलंगाशी एक तरुण डॉक्टरीण आली. तिने नाडीवर बोटं ठेवल्यासारखं केलं, शेजारच्या मदतनिसाला म्हणाली, "कार्डिओग्राम काढला असं समजा," आणि पुढच्या पलंगाकडे निघाली.

हीच ती वेळ होती. मी पुढे झालो, हात वर केला आणि म्हणालो, "खरा पेशंट. यांचा खरंच काढा. यांना जिना चढताना दम लागतो."

डॉक्टरणीने माझ्या गळ्यातलं कार्ड वाचलं आणि तिचा चेहरा उजळला. "छान करताय काका," ती म्हणाली. मग तिने मदतनिसाला खूण केली आणि माझ्यावर सौजन्य सुरू झालं. मला खुर्ची दिली. पाणी दिलं. "तुमची काळजी आम्ही समजू शकतो," असं मदतनीस पाठ केल्यासारखा म्हणाला. मी म्हटलं, अहो, मी नाटक करत नाहीये. तो म्हणाला, मागच्या सरावातले नातेवाईक फार लवकर शांत झाले होते, तुमचं काम चांगलं आहे. मी आवाज चढवला. दुसऱ्या रुग्णालयातून बघायला आलेले एक गृहस्थ कौतुकाने जवळ आले आणि माझ्याकडे बघून काहीतरी लिहून घेऊ लागले. मी जितका खरा होत गेलो तितकी माझी वाहवा होत गेली. सिस्टर कुठे आहेत म्हणून विचारलं, तर त्या फाटकावर बस उलटवत होत्या. शेवटी मला रडू आलं, खरोखरच आलं, आणि त्या गृहस्थांनी मान हलवून शेरा मारला, की आता याला बाहेर बसवायला हरकत नाही.

मला अत्यंत सौजन्याने दोन्ही दंडांना धरून बाहेर आणलं आणि दाराबाहेरच्या बाकावर बसवलं. शेजारी सुरक्षारक्षक उभा राहिला. पलंग आत न्यायला सोपं जावं म्हणून दार उघडंच अडकवून ठेवलेलं होतं. मला नाना दिसत होते, त्यांचं बोलणं ऐकू येत होतं, आणि मी उठलो की रक्षक मला खाली बसवत होता.

नाना उठून बसले होते. त्यांनी डॉक्टरणीला परत बोलावलं आणि विचारलं, "समजा म्हणजे काय?"

तिने हसून सांगितलं, की आजोबा, हा सराव आहे, खरं यंत्र कोणाला लावत नाही.

"वजन केलं असं समजा म्हणणाऱ्या दुकानदाराला मी कधी सोडलेलं नाही," नाना म्हणाले. "यंत्र समोर उभं आहे. लावलं नाही तर ते चालतं की नाही हे तुम्हाला कसं कळणार आणि मला कसं कळणार?"

डॉक्टरीण बिचारी सुस्वभावी होती. मागे आणखी जखमी येत होते, तरी तिने शांतपणे समजावलं, की यंत्र चालतं, रोज चालतं, पण ते फक्त खऱ्या पेशंटला लावायचं असा नियम आहे. नियम म्हटल्यावर नाना गप्प झाले. नियमापुढे ते नेहमी गप्प होतात. ती वळून जायला निघाली, आणि मग काय वाटलं कोण जाणे, थांबून तिने विचारलं, "आजोबा, तुम्ही खरे पेशंट आहात का?"

आता हे सांगायला हवं, की आमचे नाना खोटं बोलत नाहीत. बोलायचं नसेल तर गप्प बसतात, विषय बदलतात, भिंतीवरचं काहीबाही वाचतात, पण सरळ प्रश्नाला खोटं उत्तर त्यांच्याकडून येत नाही. त्यांनी यंत्राकडे पाहिलं. मग दाराकडे पाहिलं, तिथे मी होतो. मग त्यांनी घड्याळ काढून पिशवीत ठेवलं, गळ्यातलं कार्ड काढून पलंगावर ठेवलं आणि शाळेतल्या मुलासारखा हात वर केला.

"खरा पेशंट," ते म्हणाले. इतक्या हळू म्हणाले, की रक्षकाने मला विचारलं, काय म्हणाले ते?

बाकीचा सराव तसाच चालू राहिला, फक्त त्या एका पलंगाभोवती सगळं बदललं. डॉक्टरणीचं हसू गेलं. पडदा सरकला, तारा आल्या, कुणीतरी सिस्टरांना बोलावायला धावलं. मी उठलो आणि रक्षकाने मला खाली बसवलं, कारण माझ्याबाबतीतला हुकूम अजून कोणी मागे घेतला नव्हता. मी त्याला सांगितलं, की आत माझे वडील आहेत. तो म्हणाला, हो, कार्डावर लिहिलंय. तो बाक, तो रक्षक आणि तो बंद पडदा मला अजून आठवतात. त्या वेळी मला माझ्या मानापमानाचं काही वाटलं नाही. नाना त्या पडद्यामागे एकटे आहेत, एवढंच वाटत होतं.

सिस्टर आल्या तेव्हा त्यांनी माझ्या गळ्यातलं कार्ड स्वतःच्या हाताने काढलं आणि मला आत नेलं.

नानांच्या हृदयाचे ठोके फार मंद पडत होते आणि मधूनच एखादा चुकत होता. डॉक्टरणीने कागदावरच्या रेघा मला दाखवल्या. मला त्यातलं काही कळलं नाही, पण दोन रेघांमध्ये जिथे काही असायला हवं तिथे मोकळी जागा होती, एवढं दिसलं. ती म्हणाली, वेळेवर आलात. ठोके असेच पडत राहिले असते तर एखाद्या दिवशी हे जिन्यातच चक्कर येऊन पडले असते आणि मग काही सांगता आलं नसतं. आज इथे देखरेखीखाली ठेवू, उद्या मोठ्या रुग्णालयात नेऊन छातीत एक लहानसं यंत्र बसवावं लागेल, ते ठोके सांभाळतं. नानांनी विचारलं, ते यंत्र तपासतं कोण? ती म्हणाली, आम्ही, ठरावीक मुदतीने. नानांना ते पटलं.

मी केस पेपर काढायला खिडकीवर गेलो. तिथल्या कारकुनाने संगणकात पाहून सांगितलं, की हे गृहस्थ आधीच बसमधले प्रवासी म्हणून नोंदलेले आहेत. मी म्हटलं, बस खोटी आहे. तो म्हणाला, असेल, पण ते त्या बसमध्ये आहेत, आणि सराव संपेपर्यंत त्यांना त्यातून उतरवता येत नाही. एका माणसाला एकाच वेळी दोन ठिकाणी पेशंट करायची सोय नाही. मग त्याने विचारलं, तुम्ही त्यांचे कोण? मी मुलगा म्हटल्यावर त्याने पुन्हा पाहिलं आणि सांगितलं, की माझीही नोंद आहे आणि मला बाहेर बसवलेलं आहे. सिस्टरांनी खिडकीतून हात घालून त्याच्या टेबलावर थाप मारली तेव्हा कुठे नाना बसमधून उतरले.

तोवर बातमी आवारात पसरली होती. समोरच्या वहिनी जाग्या झाल्या होत्या आणि गरम पाणी कुठे मिळेल ते विचारत होत्या. सेक्रेटरी आले ते अजून लंगडत होते, बहुधा सवयीने. माझा हात धरून म्हणाले, घरी कळवलंय, तुमच्या मिसेस निघाल्यात, आणि ते स्कूटरच्या जागेचं काही मनात आणू नका. मला त्यांच्याबद्दल पहिल्यांदाच मनापासून आपुलकी वाटली. जागा त्यांनी परत दिली नाही ती गोष्ट वेगळी.

देखरेखीच्या खोलीत नाना उशीला टेकून पडले होते. छातीवर तारा होत्या आणि शेजारचं यंत्र हळूहळू टिकटिक करत होतं. मी उभाच राहिलो.

"सेक्रेटरीला काय दिलंस रे कार्डाच्या बदल्यात?" त्यांनी विचारलं.

मी स्कूटरच्या जागेचं सांगितलं. नाना म्हणाले, जास्त दिलंस. मग म्हणाले, खोट्या गिऱ्हाइकाची युक्ती सूनबाईची असणार, तुला सुचायची नाही. हेही खरं होतं. म्हणजे त्यांना पहिल्यापासून सगळं कळलं होतं. मी जरा चिडलोच. आठवडाभर माझी झोप उडाली, बाहेर बसवला गेलो, अख्ख्या वस्तीसमोर रडलो, आणि यांना सगळं ठाऊक.

"मग नाना, आलात कशाला?"

"यायचंच होतं मला," ते म्हणाले. "एकदा-दोनदा फाटकापर्यंत येऊन परत गेलो. एकट्याने आत जायला पाय उचलेना."

"मग मला सांगायचंत."

"तू विचारायचंस." नाना हे चिडून म्हणाले नाहीत. "माझ्या छातीबद्दल सेक्रेटरीला विचारलंस, समोरच्या बाईंना विचारलंस, तळमजल्यावर विचारलंस. सगळ्या जिन्याला विचारलंस. मला नाही विचारलंस."

माझ्याकडे उत्तर तयार होतं. विचारलं असतं तर तुम्ही काही होत नाही म्हणाला असतात, हे मी म्हणणार होतो. पण ते काही खरं नव्हतं. सरळ विचारलं असतं तर नाना खोटं बोलले नसते, आणि म्हणूनच मी विचारलं नव्हतं. ते हो म्हणतील याची मला भीती वाटत होती. ते काही बोलत नव्हते तोवर त्यांना काही झालेलं नाही असं मलाही धरून चालता येत होतं. हे सगळं मी त्यांना सांगितलं, अडखळत, जसं जमेल तसं. आमच्या घरात असं बोलायची पद्धत नाही, त्यामुळे मला ते नीट जमलं नाही.

नानांनी ऐकून घेतलं.

"आता विचार," ते म्हणाले.

"नाना, दम लागतो का?"

"लागतो रे," ते म्हणाले. "आणि भीती वाटते."

"मलाही वाटते," मी म्हणालो.

कोपऱ्यातलं स्टूल ओढून मी पलंगाला लागून बसलो. नाना तारा सांभाळत जरा पलीकडे सरकले आणि माझं कोपर टेकेल एवढी जागा त्यांनी करून दिली.